‘हे पाणी आहे’ म्हणणारा शेतकरी नॅनोला घाबरत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही कृषी पदवीधर आहात, शेतकरी उत्पादक कंपनीत काम करता आणि तीन गावं तुमच्याकडे आहेत. मक्याच्या हंगामाआधी नॅनो युरियाची, म्हणजे पानांवर फवारायच्या बाटलीतल्या द्रव खताची, सभा घेतली, पडद्यावर चित्रफीत दाखवली, चाळीसेक माणसं आली आणि बाटल्या खपल्या सहा. एका वयस्कर शेतकऱ्यानं भर सभेत "हे पाणी आहे" म्हटलं आणि सगळी सभा त्यांच्या बाजूला गेली. आता तुम्हाला विचारायचंय की लोकांच्या मनातली नव्या तंत्रज्ञानाची भीती कशी घालवायची, आणि गावात सर्वेक्षण करायचं तर प्रश्न कोणते ठेवायचे.

मी कृषी विज्ञान केंद्रात विस्ताराचं, म्हणजे नवं तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचं, काम २४ वर्षं केलं. बहुतेक काळ सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात गेला, म्हणजे मका, कापूस आणि मिरची. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रश्नातला ‘भीती’ हा शब्द आधी बाजूला काढून ठेवा. ज्याला भीती वाटते तो "हे विष आहे" म्हणतो. "हे पाणी आहे" म्हणणारा माणूस वेगळंच सांगतोय. त्याच्या मते बाटलीत काही नाही आणि त्याच्याकडून पैसे घेतले जातायत. हा विश्वासाचा आणि हिशोबाचा प्रश्न आहे. भीतीवरचं औषध त्याला लागू पडणार नाही.

एक प्रसंग सांगते. दोन हंगामांपूर्वी एका घरी माती परीक्षणाचा अहवाल द्यायला गेले होते. गोठ्याच्या भिंतीत देवळी होती, तिथं नॅनो युरियाच्या सात बाटल्या ओळीनं ठेवलेल्या. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं. वर धूळ, कोळ्याची जाळी. मी विचारलं, "फवारायच्या राहिल्या का?" घरातल्या मावशी म्हणाल्या, "फवारायला कुणी घेतल्यात? गोणीबरोबर आल्यात." युरियाची गोणी हवी तर सोबत बाटली घ्यावी लागेल, असं दुकानात सांगितलं होतं. आपल्याकडे याला लिंकिंग म्हणतात आणि तुमच्या गावातल्या शाळकरी पोरालाही हा शब्द माहीत असेल. दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो की मला वरून तसाच माल येतो, बाटल्या उचलल्या नाहीत तर गोण्यांची गाडी लागत नाही. कधी झिंक असतं, कधी गंधक, कधी विद्राव्य खत, आता नॅनो.

त्या सात बाटल्यांचा विचार करा. विक्रीच्या आकड्यात त्या सात धरल्या गेल्या. कागदावर तो शेतकरी ‘नॅनो स्वीकारलेला’ ठरला, आणि प्रत्यक्षात एक थेंब शेतात गेला नाही. उद्या तुम्ही त्याच्या घरी जाऊन ‘नॅनो तंत्रज्ञानाबद्दल तुमचं मत काय’ असं विचारलंत, तर तो मत देईल ते दुकानाच्या काउंटरबद्दल. नॅनो म्हणजे काय हे त्याच्या डोक्यात तिथंच पक्कं झालंय: हवी ती वस्तू मिळावी म्हणून नको ती घ्यावी लागते, ती वस्तू. सभेत कितीही चांगली चित्रफीत दाखवलीत तरी ही ओळख पुसली जात नाही.

आता "पाणी आहे" या वाक्यात तथ्य किती, तेही बघायला हवं. इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेनं २०२१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या नॅनो युरियात नत्राचं (नायट्रोजनचं) प्रमाण ४ टक्के होतं. ५०० मिलिलिटरची बाटली, म्हणजे नत्र २० ग्रॅम. सांगितलं गेलं की पेरणीचा डोस तसाच ठेवा, पण वरखताच्या, म्हणजे उभ्या पिकाला द्यायच्या युरियाच्या, एका गोणीची जागा ही बाटली घेईल. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी नत्र भरतं २० किलो ७०० ग्रॅम. गोणीतलं सगळं पिकाला लागत नाही हे खरं. काही हवेत उडतं, काही पाण्याबरोबर खाली जातं, पिकाच्या वाट्याला ३० ते ४० टक्के येतं असं धरा. तरी ते सहा ते आठ किलो झालं. बाटलीतला शेवटचा थेंब पानानं शोषला तरी २० ग्रॅमचे २१ होत नाहीत. मक्याच्या एक क्विंटल दाण्यात साधारण दीड किलो नत्र असतं. त्या हिशोबानं २० ग्रॅम नत्र सव्वा-दीड किलो दाण्याला पुरेल. नंतर नत्र वाढवलेली ‘प्लस’ बाटली आली, तिच्यातलं नत्रही शंभरेक ग्रॅमच्या आसपासच.

बाजू मांडणारे म्हणतात की नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म, कण पानाच्या रंध्रांतून थेट आत जातात, पिकाला चालना देतात, त्यामुळं किलोचा हिशोब इथं लावू नये. इफ्कोचा दावा आहे की ११,००० हून जास्त शेतांवर आणि ९४ पिकांवर चाचण्या झाल्या आणि उत्पादन सरासरी ८ टक्के वाढलं. दुसरीकडे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं भात आणि गव्हावर प्रयोग केले, त्यात शिफारशीच्या नत्राच्या तुलनेत गव्हाचं उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचं १३ टक्के घटलं. कोपनहेगन विद्यापीठातले मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड या दोन शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये या दाव्यांच्या शास्त्रीय पायावरच सडकून टीका केली. माझं मत विचाराल तर वरखत बंद करून फक्त बाटलीवर मका काढा, असं मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. खत टाकून झालंय, पुढं पाऊस उघडलाय, पीक पिवळं पडतंय, अशा वेळी पानावरची फवारणी उपयोगी पडू शकते. पण त्या कामाला आपल्या शेतकऱ्याकडे दोन टक्के युरियाची फवारणी आधीपासून आहे. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम युरिया. एकरी आठ पंप धरले तर २ किलो ४०० ग्रॅम युरिया, म्हणजे ११०० ग्रॅम नत्र, आणि खर्च वीस रुपयांच्याही आत. तुमच्या सभेतल्या त्या वयस्कर शेतकऱ्यानं कदाचित हाच हिशोब मनात केला असेल. त्यांना गप्प करायच्या आधी त्यांना विचारा.

हे लांबण लावलं कारण तंत्रज्ञानाबद्दल लोकांचं मत ‘बदलायला’ निघण्याआधी, ते मत बरोबर तर नाही ना, हे तपासणं आपलं काम आहे. विस्ताराच्या शिक्षणात आपल्याला उलटं शिकवतात. वस्तू चांगली आहे हे गृहीत, लोक मागे आहेत हेही गृहीत, मधली दरी माहितीनं भरायची. मी पहिली दहा-बारा वर्षं याच समजुतीवर काम केलं.

आता शेतकरी मागे आहे का ते बघा. बोंडअळीला तोंड द्यायला जनुक बदललेल्या बीटी कापसाला केंद्राची परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत नवभारत १५१ नावाचा विनापरवाना बीटी कापूस शेतात उभा सापडला होता. सरकारच्या आधी शेतकरी तिथं पोचला होता. पुढं काही वर्षांत आमच्या भागात बिगर-बीटी बियाणं मागायला कुणी येईना. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेनं तणनाशक सहन करणारा एचटीबीटी कापूस जाहीरपणे, कायदा मोडून पेरला. जनुक बदललेलं बियाणं कारवाईची जोखीम घेऊन पेरणारा माणूस अर्ध्या लिटरच्या बाटलीला नवी म्हणून घाबरतो, हे पटत नाही. बीटीच्या वेळी त्याला शेजारच्या शेतात बोंडं दिसली होती, अळीच्या फवारण्या किती वाचल्या ते मोजता आलं होतं आणि बियाणं त्यानं स्वतः शोधून आणलं होतं. बाटलीच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही.

आणि तोच शेतकरी २०१७ सालही विसरलेला नाही. त्या हंगामात बीटीवरच गुलाबी बोंडअळी आली आणि कापूस हातचा गेला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामुळं ‘नवीन’ आणि ‘फवारा’ हे दोन शब्द एकत्र आले की घरातल्या बायका आधी विचारतात, "अंगावर उडालं तर?" हा प्रश्न मात्र खरोखर भीतीचा आहे, आणि रास्त आहे. मिरचीत खुरपायला, मक्यात कणसं मोडायला बायका जातात. फवारलेल्या पिकात दिवसभर त्याच असतात, आणि तुमच्या सभेत बहुधा त्या नव्हत्या. त्यांना सांगता येईल ते एवढंच: केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०२० मध्ये शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि युरिया म्हणजे कीटकनाशक नव्हे. तरी बारीक तुषार नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून मास्क आणि हातमोजे लागतातच. "काही होत नाही ताई" असं म्हणू नका. ते वाक्य त्यांनी फार वेळा ऐकलंय.

‘नॅनो’ या शब्दाचीच लोकांना अडचण असेल का, असंही तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. २००९ मध्ये टाटांचा ‘स्वच्छ’ नावाचा पाण्याचा फिल्टर आला, त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनो कण होते. लोकांनी घरात आणला, त्यातून पाणी प्याले. नॅनो आहे म्हणून कुणी नाकारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. जर्मनीत २००६ मध्ये ‘मॅजिक नॅनो’ नावाचा न्हाणीघरात मारायचा फवारा आला आणि जवळपास शंभर लोकांना श्वासाचा त्रास झाला, माल परत मागवावा लागला. नंतर तपासात निघालं की त्यात नॅनो कण नव्हतेच, नाव तेवढं होतं. म्हणजे हा शब्द माल खपवायलाही वापरतात आणि घबराट झाली की तोच शब्द अंगावरही येतो. आपल्या गावात मी विचारलं तर बहुतेकांना नॅनो म्हटल्यावर ती छोटी गाडी आठवते. त्या शब्दाला गावात अजून चांगलाही अर्थ नाही आणि वाईटही नाही. तो अर्थ आत्ता घडतोय आणि दुकानाच्या काउंटरवर घडतोय, म्हणूनच मला तुमच्या कामाची इतकी काळजी वाटते. उद्या खरोखर चांगलं नॅनो औषध किंवा खत आलं, तर त्यालाही या बाटलीच्या नावानंच मोजतील.

माहिती दिल्यावर मत बदलतं का? यावर अमेरिकेतला एक अभ्यास मला फार उपयोगी पडला. डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक लोकांना नॅनो तंत्रज्ञानाबद्दल फारसं काही माहीत नव्हतं. त्यांना फायदे आणि धोके अशी दोन्ही बाजूंची समतोल माहिती दिली. अपेक्षा अशी की सगळे एका मताकडे सरकतील. झालं उलटं. उद्योग, बाजार, सरकार यांच्याकडे बघण्याची ज्याची जी मूळ दृष्टी होती, त्याप्रमाणे लोक दोन बाजूंना पांगले. माहिती न दिलेल्या गटात तेवढा फरक नव्हता. तो देश वेगळा आणि समाज वेगळा, त्यामुळं आकडे इकडं आणू नयेत. पण तुमच्या सभेत जे झालं ते याच जातीचं आहे. चित्रफितीनं नवी माहिती दिली आणि प्रत्येकानं ती आपल्या आधीच्या अनुभवाच्या खुंटीला टांगली.

म्हणून सर्वेक्षणात ‘नॅनो तंत्रज्ञान सुरक्षित वाटतं का?’ असा प्रश्न ठेवू नका. समोर कंपनीचा माणूस बसलाय म्हटल्यावर शेतकरी "हो, चांगलंय की" म्हणेल आणि तुम्हाला चहा पाजेल. मत विचारण्यापेक्षा घडलेलं विचारा. गेल्या तीन वर्षांत नवीन काय वापरून पाहिलं? कुणाच्या शेतात आधी बघितलं होतं? बाटली स्वतः मागितली की गोणीबरोबर आली? आलेली बाटली आत्ता कुठं आहे? हा शेवटचा प्रश्न विचाराच आणि शक्य असेल तर बाटली बघून या. आणि एक प्रश्न माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सांगून जातो: "मागं एखादं औषध किंवा खत लागू पडलं नाही, तेव्हा तुम्ही कुणाकडे गेलात?" बहुतेक जण म्हणतात, "कुणाकडेच नाही." नव्या तंत्रज्ञानाबद्दलचा दृष्टिकोन तुम्हाला त्या उत्तरात सापडेल. फसल्यावर जायला दारच नसेल, तर माणूस आत शिरताना शंभर वेळा विचार करणारच.

या देशात लोकांना आधी विचारण्याचा प्रयत्न झालेला आहे, हेही लक्षात ठेवा. बीटी वांग्याच्या वेळी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपुरात झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्याला स्थगिती मिळाली. त्या निर्णयाबद्दल दोन मतं आहेत, माझीही पूर्ण खात्री नाही. पण शेतकऱ्याला तिथं उभं राहून बोलता आलं. नॅनो युरियाच्या वेळी गावात तसं कुणी विचारलं नाही, बाटली थेट गोणीला बांधून आली. तुमच्या हातात सुनावणी नाही, पण शेत आहे.

मग शेतावर काय करायचं? इथं मला माझी एक चूक सांगायला हवी, कारण तीच तुमच्याकडून होऊ नये असं वाटतं. एका गावात मी अख्ख्या एकरभर मक्यावर नॅनोचं प्रात्यक्षिक घेतलं. पीक सुरेख आलं. शिवारफेरीला पन्नास माणसं जमली, मी बोलत होते, आणि मागून एकानं विचारलं, "मॅडम, न फवारलेलं कुठंय?" नव्हतंच. पाऊस चांगला होता, जमीन भारी होती आणि शेणखत पडलेलं होतं. पीक कशामुळं आलं हे मला सांगता येईना. तो माणूस शास्त्राच्या बाजूनं होता आणि मी नव्हते.

तेव्हापासून चार पट्टे घेतल्याशिवाय मी पुढं जात नाही. एकाच शेतात, सारख्या जमिनीवर, शेजारी-शेजारी, प्रत्येकी पाच गुंठे. पेरणीचा डोस चारही पट्ट्यांना सारखा. पहिल्यात नेहमीचं पूर्ण वरखत. दुसऱ्यात वरखत निम्मं आणि नॅनोची फवारणी. तिसऱ्यात वरखत निम्मं आणि दोन टक्के साध्या युरियाची फवारणी. चौथ्यात वरखत निम्मं आणि नुसत्या पाण्याची फवारणी. हा चौथा पट्टा सोडू नका. "हे पाणी आहे" या वाक्याला उत्तर द्यायचं असेल तर पाणीही फवारावं लागेल. आणि तुमच्या सभेतल्या त्या वयस्कर शेतकऱ्यांनाच सांगा, कुठल्या पट्ट्यात काय मारायचं ते तुम्ही ठरवा, पाट्या तुमच्या हातानं लावा. पंप भरताना त्यांना शेजारी उभं राहू द्या.

खर्चही पट्ट्यावार लिहा. गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे आणि बाटलीची २२५ (सुरुवातीला २४० होती), असं बघितलं तर बाटली स्वस्त दिसते. पण गोणी फोकायला घरचा माणूस पुरतो. बाटलीला पाणी वाहून आणावं लागतं आणि फवारणारा लागतो. आमच्याकडे मजुरी पंपावर मोजतात, एकरी आठ पंप म्हटले की बाटलीइतकेच पैसे पुन्हा जातात. ड्रोननं फवारणी होत असेल तर हिशोब बदलेल. हलक्या जमिनीत, कांद्यात किंवा भाजीपाल्यात निकाल वेगळा येऊ शकतो, तेव्हा मक्याचा निष्कर्ष तिकडं लावू नका. एका हंगामावरूनही काही ठरवू नका. पाऊस दोन वर्षं सारखा पडत नाही.

प्रयोग चालू असताना दुकानात एक गोष्ट करता आली तर नक्की करा. तुमच्या उत्पादक कंपनीचंच खतविक्री केंद्र असेल, तर तिथं ठळक अक्षरात लिहून लावा की युरियाबरोबर दुसरं काही घेण्याची सक्ती नाही. संचालक कुरकुर करतील, माल कसा मिळणार म्हणतील, आणि त्यांची अडचण खोटी नाही. तरी भांडून करून घ्या. "नको" म्हणता येतं हे कळल्यावरच कुणी मनापासून "बघू तरी एकदा" म्हणतं. माझ्या एका गावात अशी पाटी लागली त्या हंगामात बाटल्यांची विक्री पडली. पण ज्या चौघांनी घेतल्या त्यांनी चारही फवारल्या, आणि कणसं भरताना मला फोन करून बोलावलं.

कापणीच्या वेळी काटा शेतावरच आणा. प्रत्येक पट्ट्याचा दाणा वेगळ्या पोत्यात भरा, वजन सगळ्यांसमोर करा आणि आकडा त्या शेतकऱ्यांच्याच वहीत त्यांच्याच अक्षरात लिहू द्या. वजन करतानाच दाण्यातला ओलावा मोजायला विसरू नका. एका पट्ट्याची कणसं दोन दिवस आधी मोडली गेली तर वजनात जो फरक दिसेल तो नत्राचा नसेल, पाण्याचा असेल. ओलावा मोजायचं यंत्र तुमच्या जवळच्या बाजार समितीत किंवा मका घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे मिळेल, एका दिवसासाठी मागून आणा. चारही आकडे हाती आले की इथंच लिहा, नॅनोच्या बाजूनं आले तरी आणि विरोधात आले तरी.